गावात अनुदान कोणाला मिळालं, ते कागदावर कसं पाहायचं

पीएम-किसानची यादी सगळ्यात सोपी, म्हणून सुरुवात तिथून करा. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर ‘बेनिफिशरी लिस्ट’मध्ये राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं येतात. गाव म्हणजे महसुली गाव. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावं असतील तर प्रत्येकाची यादी वेगळी उघडावी लागते. नावं इंग्रजी अक्षरांत असतात आणि स्पेलिंगचा भरवसा नसतो, म्हणून आडनावावरून शोधा.

एका घरात तीन नावं दिसली की लगेच बोंब मारू नका. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं. सज्ञान मुलाच्या नावावर वेगळी जमीन असेल तर त्याचे वर्षाचे ६,००० रुपये रास्त आहेत. मात्र ती जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर हवी. त्यानंतर खातेफोड (जमिनीची वाटणी) करून घेतलेली चालत नाही, वारसाहक्काची चालते. नवरा-बायको दोघंही यादीत असतील किंवा आयकर भरणारा असेल, तर मात्र शंका खरी.

ठिबक सिंचनाच्या अनुदानाचं गणित वेगळं. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात मोठी रक्कम इथेच फिरते. अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के, कमाल मर्यादा ५ हेक्टर. पण टक्के बिलावर मोजत नाहीत, सरकारनं ठरवलेल्या मापदंड खर्चावर मोजतात, आणि तो दोन नळ्यांतल्या अंतरावर ठरतो. त्यामुळे एक हेक्टरला शेजाऱ्यापेक्षा जास्त रक्कम मिळाली म्हणजे घोळ झाला, असं नाही. नळ्या दाट असतील. घोळ शोधायचा तर गट नंबर पाहा. त्याच क्षेत्रावर सात वर्षांच्या आत दुसऱ्यांदा अनुदान घेता येत नाही. नुसत्या नावावरून हे कळत नाही, कारण पहिल्यांदा बापाच्या आणि दुसऱ्यांदा मुलाच्या नावानं अर्ज झालेला असू शकतो.

ठिबक लाभार्थ्यांची यादी माहिती अधिकारात मागा. ‘जोडपत्र अ’ भरा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. ठिबकसाठी अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. नंदुरबार-धुळ्यात आदिवासी शेतकऱ्यांसाठीच्या बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतल्या विहिरींची माहिती हवी असेल तर ती जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे असते. मजकूर असा लिहा: ‘अमुक गावातील, अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंतच्या ठिबक लाभार्थ्यांची यादी: नाव, गट क्रमांक, क्षेत्र, अनुदानाची रक्कम, अदा केल्याची तारीख.’ माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख)(बारा)चा उल्लेख करा. अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं आपणहून जाहीर करायचा असतो.

अर्ज बहुतेक दोन कारणांनी अडकतात. ‘सर्व योजनांची माहिती द्या’ असं लिहिलं की एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द हा नियम दाखवून परत येतो. आधार किंवा बँक खातं मागितलं की वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात, आणि ते बरोबरच आहे. ‘अमक्याला का दिलं?’ हा प्रश्नही विचारू नका. त्याऐवजी मोका तपासणी (शेतावर जाऊन केलेली पाहणी) अहवालाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, मग दुसरं राज्य माहिती आयोगाकडे, खान्देशासाठी नाशिक खंडपीठाकडे.

यादी हातात आली की शेजारी गावाचा ८-अ (कोणाच्या नावावर किती जमीन, याचा उतारा) ठेवून वाचा. बटाईनं करणारा आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेला सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, यादीत नसणारच, कारण अनुदान उताऱ्यावरच्या नावाला मिळतं. पण ८-अ वर नाव असूनही जे यादीत नाहीत, त्यांच्याकडे आधी जा. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) राहिलेली असते, वारस नोंद रखडलेली असते, नाहीतर शेतकरी ओळख क्रमांकच काढलेला नसतो.