शटर एकट्याने ओढू नका

पोयनाडला आमचं किराणा दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. कुणी दादा माजला की तरुण पोरं गल्ल्यापाशी येतात आणि म्हणतात, "काकी, उद्या बंद ठेवा." मी विचारते, परवाचं काय? एका दिवसाच्या बंदने दादाचं काही जात नाही, गिऱ्हाईक आमचं जातं. एकाधिकारशाही गावातली असो की देशातली, सनदशीर मार्गाने तिच्याशी भिडायचं असेल तर आधी कागद-पेन घ्या.

हा माणूस कुणाच्या जिवावर उभा आहे ते लिहून काढा. त्याच्या स्वभावावर एक ओळही नको. गाड्या कुणाच्या, मंडप कोण घालतं, पैसा कुठल्या पेढीतून येतो, मतमोजणीला कोण बसतं, एवढंच. फिलिपिन्समध्ये मार्कोस वीस वर्षं सत्तेवर होते. फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत आकडे फिरवले जातायत हे दिसल्यावर आयोगाच्या संगणकांवर बसलेले तीसेक कर्मचारी सरळ उठून बाहेर पडले. पाठोपाठ त्यांच्या विरोधातल्या उमेदवार कोराझॉन अक्विनो यांनी मार्कोस यांच्या गोतावळ्यातल्या बँका, वर्तमानपत्रं आणि सॅन मिगेलची बिअर यांच्यावर बहिष्कार पुकारला. अख्ख्या बाजारावर नाही, नावं घेऊन मोजक्यांवर. महिना संपायच्या आत मार्कोस देशाबाहेर होते. (लष्कर फुटलं, चर्चही लोकांच्या बाजूने उभं राहिलं, नुसती बिअर सोडून राज्य जात नाही.)

मग मागणी ठरवा, आणि ती समोरच्या व्यापाऱ्याच्या आवाक्यातली ठेवा. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथच्या कृष्णवर्णीय वस्त्यांनी १९८५ मध्ये गोऱ्यांच्या दुकानांतली खरेदी थांबवली. वस्तीतून सैन्य हटवा, सार्वजनिक जागा सगळ्यांना खुल्या करा, कामावरचा भेदभाव थांबवा, अशा मागण्या होत्या. सरकारने पुढारी आत टाकले. गल्ले रिकामे पडू लागले तेव्हा गोरे दुकानदारच त्यांना सोडा म्हणून सरकारकडे गेले. पुढारी सुटले आणि नोव्हेंबरात बहिष्कार काही महिन्यांसाठी स्थगित झाला. हे स्थगित करणं मला फार शहाणपणाचं वाटतं. नाताळच्या खरेदीत आपलीच माणसं फुटायच्या आत त्यांनी सौदा केला.

आता चुलीचं बघा. बहुतेक आंदोलनं इथेच मोडतात. आमच्या शेजारच्या चरीचा संप १९३३ ते १९३९ असा चालला. नारायण नागू पाटलांच्या मागे पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायचंच सोडलं. लाकूडफाटा विकून, खाडीत मासळी मारून लोकांनी दिवस काढले. बाबासाहेब आंबेडकर इथे येऊन गेले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. पाटलांनी 'कृषीवल' काढलं, म्हणजे आपली बातमी आपल्या हातात. शेवटी महसूलमंत्री मोरारजी देसाईंना मध्ये पडावं लागलं.

असा संप करायचा तर दुकानदाराच्या उधारीच्या वहीशी गाठ पडते. वहीत संपातल्या घरांसाठी वेगळं पान घाला. तांदूळ, तेल, मीठ, चहापूड, साखर, बस. बिस्किटं, कोल्ड्रिंक रोखीनेच. दर घराला आठवड्याची मर्यादा लावा, सही घ्या, आणि मुंबईत कामाला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाकडून महिन्याला त्यातली निम्मी तरी रक्कम चुकती होईल हे संपाआधी ठरवा. संप सुरू झाल्यावर विचारलंत तर कुणी फोन उचलणार नाही.

व्यापारी घाबरतो, त्याला भेकड म्हणू नका. त्याच्यामागे वजनमाप आहे, अन्न परवाना आहे, जीएसटी आहे. इथल्याच एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सला वर्गणी नाकारली तेव्हा आठवड्यात आमचा काटा तपासायला माणूस आला होता. शिक्का ताजा होता, गेला परत. तेव्हा आधी कागद चोख करा. मग निवेदन संघटनेच्या लेटरहेडवर द्या, आणि सह्या एकाखाली एक न घेता गोलात घ्या. पहिली सही कुणाची हे शोधता येत नाही. एकट्याने शटर ओढलंत तर उद्या फक्त तुमचंच दुकान लक्षात राहतं.

पक्षांच्या एकीबद्दल थोडक्यात. १९७७ मध्ये ती चालली. हंगेरीत २०२२ ला सहा पक्ष एकत्र येऊनही तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान दोन-तृतीयांश जागा घेऊन आले. एकीसोबत गावोगाव माणूस लागतो, विशेषतः बूथवर. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला मतदान संपल्यावर मतदान प्रतिनिधीला किती मतं पडली त्याचा नमुना १७-सी मिळतो. तो प्रत्येक बूथवरून गोळा करा, रात्रीच बेरीज लावा आणि मोजणीच्या दिवशी टेबलावर आकडा ताडून बघा. प्रतिनिधी असा निवडा जो मतदान संपून तो नमुना हातात पडेपर्यंत खुर्ची सोडणार नाही. त्याला दुपारी डबा पोचेल याची जबाबदारी एकाच्या नावावर टाका. जेवायला घरी गेलेला प्रतिनिधी परत येईलच असं नाही.