जुना महिंद्रा पिकअप घरच्या घरी पुन्हा चालता करायचा तर

आमचा पिकअप अकरा वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभा होता. पुढून जीपचंच तोंड, मागे लोखंडी हौदा, आत एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन. वडील यातून गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे कोल्हापूरच्या मार्केट यार्डात न्यायचे. गाडी पुन्हा रस्त्यावर यायला मला दोन उन्हाळे लागले, त्यातला पहिला फुकट गेला. आधी रंग मारून घेतला, मग वेल्डिंग निघालं आणि तोच रंग फोड येऊन जळाला. म्हणून क्रम पक्का धरा: आधी चेसी (गाडीचा लोखंडी सांगाडा, म्हणजे फ्रेम), मग इंजिन, मग ब्रेक, मग पत्रा. रंग अगदी शेवटी.

पैसे घालण्याआधी

आरसी बुक हातात घेऊन चेसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. चेसी नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो. गंज काढताना तिथे ग्राइंडर लावू नका, हाताने तारेचा ब्रश मारा आणि ग्रीसचा हात फिरवा. नंबर पुसट झाला तर पासिंगच्या वेळी मोठी अडचण होते.

मालवाहू म्हणून नोंद असलेली गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस करावं लागतं. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. २०२१मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. ती पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या, धंद्यासाठी न वापरलेल्या गाड्यांसाठी आहे आणि त्या नंबरावर रोज गाडी फिरवता येत नाही. तुमचा पिकअप कशात बसतो ते आरटीओत आधी विचारून घ्या.

आता गाडीखाली आडवे व्हा. छोटी हातोडी घेऊन फ्रेम टोकापासून टोकापर्यंत वाजवत जा. चांगलं लोखंड खणकन वाजतं. कुजलेलं ढब असा आवाज देतं आणि पापुद्रे गळतात. पाटे फ्रेमला जोडणाऱ्या शॅकलची जागा आणि आडव्या मेंबरच्या सांध्यातला चिखल मुद्दाम बघा. आमच्याकडे चिखलाबरोबर गुळाची काकवीही झिरपली होती. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे हौद्याखालचा पत्रा बिस्किटासारखा तुटत होता. मीठ, खत, मासळी वाहिलेल्या गाडीत तर याहून वाईट निघतं. फ्रेमच कुजली असेल तर पुढचा खर्च करण्याआधी चांगल्या वेल्डरला बोलावून दाखवा.

खोलायचं कसं

सगळी गाडी एकदम खोलू नका. एक भाग खोला, साफ करा, बसवा, मगच पुढचा घ्या. खोलण्याआधी मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढा आणि नटबोल्ट डब्यांत भरून वर चिठ्ठी चिकटवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली जाऊ नका. चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना उटी लावा आणि चेसीखाली लोखंडी घोड्या द्या.

गंजून बसलेल्या बोल्टला आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी आधी किंचित आवळा, ‘टक्’ झालं की मग सोडवा. रिंग पाना किंवा गोटी पानाच वापरा, फिक्स पान्याने नटाची टोकं मरतात. गॅसने तापवायची वेळ आली तर डिझेलची टाकी आधी उतरवून लांब ठेवा.

इंजिन

महिंद्राने १९७९मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून या एक्सडीपी ४.९० इंजिनाचा परवाना घेतला. माप नावातच आहे: सिलिंडर चार, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ८३ मिलिमीटर, म्हणजे एकूण २११२ सीसी. ब्लॉक बिडाचा, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ते गरम झालं की वाकतं, आणि या इंजिनाची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

बरीच वर्षं उभं असलेलं इंजिन सेल्फ मारून किंवा धक्का देऊन सुरू करायचा मोह आवरा. आधी हीटर प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडून दोन दिवस थांबा. मग क्रँकच्या पुलीचा नट धरून पान्याने हळूहळू फिरवून बघा. पूर्ण दोन फेरे मोकळे फिरले तर पिस्टनच्या रिंगा धरलेल्या नाहीत. अडलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडा आणि वाट बघा. आमचं चौथ्या दिवशी सुटलं.

मग जुनं डिझेल काढा. त्याला वार्निशसारखा वास येतो आणि टाकीच्या तळाशी काळा गाळ सापडतो. टाकी धुवा, ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदला. रेडिएटर उलट्या बाजूने पाणी सोडून धुवा. बोअरवेलचं जड पाणी परत भरू नका, क्षार बसून जाळी चोंदते, कूलंट घाला. हेडची पॅकिंग गेलेली असेल तर नवी टाकून लगेच बंद करू नका. हेड आधी मशीन शॉपमध्ये नेऊन सपाट आहे का ते तपासून घ्या. आम्ही ते काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलं.

डिझेल लाइनमध्ये हवा असेल तर इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळा. तेच पुढे इंजिनाच्या डिझेल पंपावर करा. शेवटी नोझलच्या पाइपाचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आलं की आवळा. त्या धारेसमोर बोट नेऊ नका. हा दाब डिझेल कातडीत घुसवतो, आणि जखम वरून छोटी दिसली तरी थेट दवाखान्यात जावं लागतं. पहिल्यांदा सुरू करताना कुणाला तरी सपाट फळी घेऊन इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी उभं करा. इंजिन आवरेना झालं तर तोंड बंद करणं हाच खात्रीचा उपाय. सुरू झाल्यावर ऑइलचा दाब दिसला नाही तर लगेच बंद करा.

ब्रेक

घाई करायची नाही ती इथे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर हवेने धूळ उडवू नका. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क बांधा.

चाकाजवळचा ब्रेकचा सिलिंडर, म्हणजे व्हील सिलिंडर, उघडलात की बहुधा आत चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ दिसेल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि तीच ओल सिलिंडर आतून खाते. बोट फिरवून बघा. आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत असेल तर नवीन रबर किट टाकून चालेल. नखाला खड्डा लागला तर सिलिंडरच बदला. पॉलिश कागदाने घासून चालवायचा सल्ला खूप जण देतील, तो ऐकू नका. पुढच्या पावसापर्यंत तो पुन्हा गळतो आणि घाटात पॅडल खाली जातं. रबरं डिझेल-पेट्रोलने धुऊ नका, फुगतात. नवीन ब्रेक ऑइलनेच धुवा. लोखंडी पाइप गंजलेले आणि होज तडकलेले असतील तर तेही याच वेळी बदला.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला दोघं लागतात. पॅडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्या: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. माझी मुलगी पॅडलवर बसायची. ती “दाबलं” म्हणाली की मी चाकाजवळचं हवा सोडायचं निप्पल सोडायचो, आणि मी “बंद” म्हटल्याशिवाय तिने पाय उचलायचा नाही, असं ठरलं होतं. निप्पलला नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा, बुडबुडे स्पष्ट दिसतात. मास्टरची टाकी मध्येच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पत्रा आणि रंग

कुजलेल्या पत्र्यावर तुकडा रिबेट मारून वर पुट्टी भरली की वर्षभर छान दिसतं आणि आतून गंज चालूच राहतो. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा आणि १८ गेजचा नवीन पत्रा टाका. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडा. सलग वेल्डिंग न करता लांब लांब टाके मारत जा, नाहीतर पत्रा लाटेसारखा वाकतो. उघड्या लोखंडावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर द्या. आमच्याकडे खालून जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत आहे. त्याने धूळ चिकटते, रबरी बुश फुगतात आणि ठिबकलेलं ऑइल माती खराब करतं. त्याऐवजी फ्रेमच्या आत मेणाचं गंजरोधक मारून घ्या.

वायरिंगला मूळ जाडीच्या तारा, प्रत्येक सर्किटला फ्यूज आणि इंजिन ते चेसी अशी नवी अर्थिंगची पट्टी द्या. निम्म्या तक्रारी त्या पट्टीनेच जातात.

रस्त्यावर आल्यानंतर

दर हजार-दीड हजार किलोमीटरला शॅकल, किंगपिन (ज्यावर पुढची चाकं वळतात तो खुंटा) आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यात कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते लिहिलेलं असतं. शेडमध्ये पडून जुनं झालेलं रबर तडकतं.

आठवड्यातून एकदा गाडी आठ-दहा किलोमीटर चालवा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी धरतं आणि ब्रेक मोकळे होतच नाहीत. मे संपायच्या आत हौद्याच्या आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. मी दरवर्षी त्यानंतर हौद्यात एक बादली पाणी ओततो, खाली वाकतो आणि सगळं कुठून गळतंय ते बघतो.