बाबा पदमनजी वाचायला घेताना

‘मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारे ख्रिस्ती लेखक’ एवढ्यावरच बाबा पदमनजींची बोळवण होते. त्यांची लहानमोठी पुस्तके मात्र शंभराच्या घरात जातात: कादंबरी, आत्मचरित्र, निबंध, बायबलच्या नव्या करारावरचे भाष्य, कोश. सगळे वाचायची गरज नाही. दोन पुस्तके नीट वाचली तरी माणूस कळतो, फक्त तयारी करून बसायला हवे.

सुरुवात नावापासून करा. त्यांचे आडनाव मुळे, आणि पदमनजी हे वडिलांचे नाव. त्यामुळे ग्रंथालयाच्या सूचीत ते कधी ‘मुळे’खाली, कधी ‘पदमनजी’खाली, तर कधी सरळ ‘बाबा’खाली निघतात. शिवाय पदमनजी, पद्मनजी, पद्मणजी अशा सगळ्या रूपांनी शोध घ्या. एका रूपावर थांबलात तर निम्मी पुस्तके हाती लागणार नाहीत.

मग एका कागदावर सनावळी लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवा. 1831 बेळगावात जन्म. 1849 मुंबईत जातिभेद मोडू पाहणारी परमहंस सभा स्थापन. तिच्या गुप्त बैठकांना जाणाऱ्यांत हेही होते. 1854 बाप्तिस्मा. 1856 विधवाविवाहाचा कायदा. 1857 ‘यमुनापर्यटन’. 1867 पुण्यात फ्री चर्च या स्कॉटिश पंथाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून दीक्षा. 1888 ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. 1906 निधन. यातल्या 1856 आणि 1857 खाली रेघ ओढा. कायदा झाला आणि लगेच पुढच्या वर्षी विधवांच्या स्थितीवरची कादंबरी आली, हे ध्यानात असले की पुस्तकाचा रोख आपोआप कळतो.

आता खरी अडचण, छपाईची. जुनी आवृत्ती किंवा तिची स्कॅन प्रत उघडली की पहिल्या दोन पानांतच डोळे दमतात. ‘म्हणाला’ तिथे ‘ह्मणाला’ असे छापलेले असते, ‘तुम्ही’ ‘तुह्मी’ असे. संगणकावर ‘म्हणाला’ शोधून काही मिळाले नाही, तर दोष पुस्तकाचा नाही. अनुस्वारांचेही तसेच. ‘ते आले’ म्हणजे माणसे आली. ‘तें आलें’ म्हणजे मूल किंवा पत्र आले. 1962 च्या लेखननियमांनी हे अनुस्वार गेले आणि आज दोन्ही वाक्ये एकसारखीच दिसतात. स्कॅनवरून यंत्राने ओळखलेल्या (ओसीआर) मजकुरात हे टिंब हमखास गळते, आणि कोण आले तेच कळत नाही. म्हणून वाचायचे ते पानाच्या चित्रावरून. यंत्राचा मजकूर फक्त शोधापुरता. पहिले आठवडाभर दिवसाला आठ-दहा पानांपेक्षा जास्त घेऊ नका. पुढे वेग आपसूक येतो.

शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शेजारी उघडा ठेवा; शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो मोफत आहे. गंमत अशी की याच कोशाचा संक्षेप खुद्द पदमनजींनी केला होता. काही शब्द मात्र कोशापेक्षा संदर्भानेच सुटतात. ‘मंडळी’ म्हणजे इथे घरची माणसे नव्हेत, तर ख्रिस्ती समाज, चर्च. त्यात परमहंस सभेलाही परमहंस मंडळी म्हणत, तेव्हा कोणती मंडळी ते दर वेळी तपासा. ‘तारण’ म्हणजे गहाण नव्हे, मुक्ती.

वाचायचा क्रम: आधी ‘यमुनापर्यटन’. यमुना आणि विनायक प्रवासाला निघतात, वाटेत विधवांच्या हकिकती ऐकतात; विनायक मरतो, यमुना स्वतःच विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती माणसाशी पुनर्विवाह करते. कथानक सैल आहे, हे आधीच मान्य करून टाका. लांबलचक संवादांना कंटाळून ते गाळले तर पुस्तकच गाळले असे होते, कारण लेखकाचा जीव तिथे आहे. प्रत्येक विधवेपुढे तीन गोष्टी टिपा: तिचे हाल कोणी केले, त्याला शास्त्राचा कोणता आधार दिला गेला, आणि पदमनजी त्याला काय उत्तर देतात. पाच-सहा हकिकतींत साचा दिसू लागतो. प्रवचनकाराची पकड त्या साच्यात आहे, आणि कादंबरीकाराची मर्यादाही तिथेच.

‘पहिली कादंबरी’ असे लिहिताना ‘स्वतंत्र’ हा शब्द विसरू नका. इंग्रज लेखक बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ 1841 मध्येच आले होते. ‘अरुणोदय’ला पहिले आत्मचरित्र म्हणतानाही तीच काळजी घ्या: व्याकरणकार दादोबा पांडुरंगांनी आपले चरित्र आधी लिहिले, पण ते छापून आले 1947 मध्ये.

‘अरुणोदय’ वाचताना वहीच्या पानाला मधोमध रेघ मारा. डावीकडे घडलेले: शाळा, मित्र, सभा, घरचा विरोध. उजवीकडे त्याचा लावलेला अर्थ: ईश्वराची योजना, पापाची जाणीव, अंधारातून उजेड. बाप्तिस्म्याच्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते, पुस्तक आले तेव्हा सत्तावन्न. उजवा रकाना हा त्या म्हाताऱ्या उपदेशकाचा आहे. दोन्ही रकाने एकत्र केले की एकतर सगळेच भाबडेपणाने खरे मानले जाते, नाहीतर सगळेच प्रचार म्हणून फेकले जाते. डावा रकाना परमहंस सभेवरच्या इतर लिखाणाशी ताडून बघता येतो; उजव्याला तसा पुरावा मागू नये.

बायबलची वचने आली की आजच्या मराठी बायबलात शब्द जुळवत बसू नका, भाषांतर बदललेले आहे. बायबलमधले पुस्तक, अध्याय आणि ओवी (वचन) यांचा आकडा दिला असेल तर त्यावरून गाठा. आकडा नसेल तर वचनातला एखादा ठळक शब्द घेऊन बायबलच्या शब्दसूचीत पाहा. आणि टिपण करताना पानाच्या आकड्याबरोबर आवृत्तीही लिहा, कारण पुनर्मुद्रणात पाने सरकतात आणि नंतर तीच ओळ शोधण्यात दुपार जाते.