ल्वार खोऱ्यात सायकल चालवताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईकडे नियमित बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइड) करणाऱ्यांना फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्याचा नकाशा फारच सोपा वाटतो. नदीकाठचा रस्ता, घाट नाही, ब्लुआ ते आंब्वाझ साधारण ४० किलोमीटर, आंब्वाझ ते तूर त्याहूनही कमी. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर मारणारा माणूस सहज म्हणतो, दोन दिवसांत उरकू. बेत फसतो तो इथेच. या भागात दिवस किलोमीटरवर ठरत नाही, घड्याळावर ठरतो. बेकरी कधी बंद होते, शातोत (राजवाड्यात किंवा गढीत) शेवटचा प्रवेश किती वाजता, ऊन कधी चढतं, वारा कुठून येतो, यावर सगळं अवलंबून.

२०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राइडवर डोळा ठेवून असलेले बरेच जण महाराष्ट्रात आहेत. १,२०० किलोमीटर ९० तासांत संपवल्यावर फ्रान्समध्ये चार दिवस जास्त काढायचे असतील, तर ल्वारसारखी दुसरी जागा नाही. नेव्हेरजवळच्या क्युफीपासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा पाट्या लावलेला सायकलमार्ग आहे. सुली ते शालोन हा खोऱ्याचा पट्टा २००० साली युनेस्कोच्या यादीत गेला. पण ब्रेव्हेचं डोकं पॅरिसलाच ठेवून या.

रिकाम्या रस्त्यावरची उजवी बाजू

फ्रान्समध्ये उजवीकडून चालवायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. गर्दीत ते पाळलंही जातं, कारण पुढची गाडी वाट दाखवत असते. चूक होते ती सामसूम रस्त्यावर. सकाळी मुक्कामाच्या घरातून बाहेर पडताना, फोटोसाठी थांबून पुन्हा सायकलवर बसताना, शेतातल्या आडरस्त्याला वळताना सायकल आपोआप डाव्या कडेला जाते. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला तर हसण्यावारी नेण्याची गोष्ट राहत नाही. उपाय सोपा आहे: थांबायचं ते नेहमी उजव्याच कडेला, म्हणजे निघतानाही उजवीकडेच असाल. आरसा डाव्या हँडलला लावा. सर्कल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरायचं आणि आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं.

याहून फसवा नियम गावातल्या चौकांचा आहे. जिथे कसलीच पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो बोळातून का येत असेना. पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली (पांढऱ्या कडेचा, टोकावर उभा केलेला चौकोन) तर मुख्य रस्ता तुमचा. त्याच चौकोनावर काट मारलेली दिसली की तो हक्क संपला. बऱ्याच गावांत शिरताना हीच काट मारलेली पाटी असते, आणि वेगात आलेल्या सायकलस्वाराचं लक्ष तेव्हा चर्चच्या मनोऱ्याकडे असतं.

सायकल तिथेच भाड्याने घेणार असाल तर निघण्याआधी ब्रेक तपासा. आपल्याकडे उजव्या हाताला सहसा पुढचा ब्रेक असतो, फ्रान्समध्ये डाव्या हाताला. उतारावर घाबरून सवयीचा हात जोरात दाबला आणि नको ते चाक जाम झालं, असं व्हायला नको. दुकानदाराला सांगून केबल अदलाबदल करून घेता येते. नाही जमलं तर मोकळ्या मैदानात अर्धा तास सराव करा.

प्रवाहाबरोबर जाणं म्हणजे उतार नव्हे

ऑर्लेआँपासून पुढे ल्वार पश्चिमेकडे, समुद्राकडे वाहते. म्हणून बहुतेक जण पूर्वेकडून पश्चिमेला जायचं ठरवतात, उतार मिळेल या आशेने. ऑर्लेआँ समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटरवर आहे आणि समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. तो उतार पायांना कळतसुद्धा नाही. वारा मात्र बरोबर कळतो, कारण इथे तो बहुतेक दिवस पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. आठवडाभर तोच वारा तोंडावर घेत जायचं की पाठीवर, हे तिकीट काढतानाच ठरवा. माझ्या मते आँजे किंवा सोम्यूरहून सुरुवात करून ऑर्लेआँकडे यावं.

वारा इतका का लागतो, ते नदीच्या बांधांवर चढलं की समजतं. पुराचं पाणी अडवायला मध्ययुगापासून हे मातीचे बांध घातले, वाढवले. आता त्यांच्या माथ्यावरून रस्ता जातो, शेतांपेक्षा कित्येक फूट उंच, दोन्ही बाजूंना उघडा. खालच्या गावांतल्या भिंती जरा थांबून पाहा. पांढऱ्या तुफो दगडात आडवी रेघ कोरलेली आणि शेजारी साल: १८४६, १८५६, १८६६. त्या त्या पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. काही रेघा सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. त्या पाहिल्यावर बांधाचा राग येत नाही.

वारा फारच असेल तर बांध सोडून मागच्या गावांतून जाणारा समांतर रस्ता धरा. झाडं आणि घरं बरीच आड येतात.

दिवसाला तीन शातो

ही सगळ्यात महागडी चूक, कारण यात पैसे जातात आणि पाहणंही होत नाही. तीन तिकिटं काढायची आणि तिन्हीकडे घामेजलेल्या जर्सीत धावत जिने चढायचे, याला काय अर्थ आहे? दिवसाला एकच शातो आतून पाहा, दुसरा वाटेत बाहेरून. एवढंच पाळलंत तरी सहल बदलते.

शांबोरचं उदाहरण घ्या. ब्लुआहून तो साधारण १७ किलोमीटर. नकाशावर तासाभराचं काम. पण त्याच्या राखीव जंगलाभोवतीची भिंतच ३२ किलोमीटर लांब आहे, आणि जंगलातल्या सायकलवाटांवर सकाळी हळू जाण्यातच खरी मजा आहे. आत गेल्यावर मधला दुहेरी जिना येतो. दोन जिने एकमेकांभोवती वळत वर जातात, एकावरून चढणारा दुसऱ्यावरून उतरणाऱ्याला झरोक्यांतून पाहतो, पण दोघं भेटत नाहीत. एकदा एकाने चढा, दुसऱ्याने उतरा, मग गच्चीवर बसा. अर्धा दिवस गेलाच. राजा पहिला फ्रान्स्वा याने हे बांधकाम १५१९ मध्ये सुरू केलं. त्याच वर्षी २ मे रोजी, त्याच राजाच्या आश्रयाला आलेला लिओनार्दो दा विंची आंब्वाझच्या क्लो ल्युसे या घरात वारला. त्या जिन्यामागे लिओनार्दोच्या कल्पना असाव्यात असं अनेक अभ्यासक मानतात. शांबोर आणि क्लो ल्युसे पाठोपाठच्या दिवशी पाहिले तर ही संगती लागते, एकाच दिवशी घाईत पाहिले तर दोन तिकिटं उरतात.

दुसरी गफलत म्हणजे सगळे शातो ल्वारच्या काठावरच आहेत असं धरून चालणं. शनोन्सो शेर नदीवर आहे, आझे-ल-रिदो अँद्र नदीवर, शिनोन व्हिएन नदीवर. एका नदीवरून दुसरीकडे जाताना मधलं पठार चढावं लागतं. आंब्वाझहून शनोन्सोला जंगलातून जाताना हा चढ लागतो. सह्याद्रीतल्या माणसाला तो चढ वाटणार नाही, पण सामान लादलेली सायकल आणि चारचं ऊन असेल तर वेळ खातोच. मोंसोरोहून फोंतव्रो मठाकडे जाणाऱ्या वाटेचंही तसंच. ती चुकवू नका मात्र: ११०१ मध्ये स्थापन झालेल्या या मठात आक्वितेनची राणी एलेनोर आणि तिचा मुलगा रिचर्ड सिंहहृदय यांच्या रंगवलेल्या दगडी मूर्ती निजलेल्या आहेत. १८०४ मध्ये नेपोलियनने या मठाचा तुरुंग केला आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षं तो तुरुंगच होता.

शनोन्सोला तिकीट काढून आत जा, नदीवर बांधलेल्या दालनातून चाला, पण नंतर शेरच्या दक्षिण काठावरच्या वाटेवरूनही एकदा पाहा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त आणि मुक्त प्रदेशांची सीमा याच नदीवरून जात होती, म्हणजे दालनाचं एक दार इकडे आणि दुसरं तिकडे उघडत होतं. दक्षिण काठावर उभं राहिलं की ते लगेच उमगतं.

क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून आत शिरू नका. शतकानुशतकं झिजलेल्या दगडी पायऱ्यांवर ते घसरतात, आणि दगडाचीही नासाडी होते. हलक्या चपला पॅनियरमध्ये (सायकलच्या बाजूला लावायच्या बॅगेत) वरच ठेवा. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. काही शातोंबाहेर सायकलस्वारांच्या सामानासाठी कपाटं असतात, पण ती आहेत का हे आदल्या दिवशी पाहून ठेवा. पासपोर्ट मात्र सायकलवर कधीच सोडायचा नाही.

दुपारचा हिशेब

आपल्याला वाटतं बारा ते दोन कडक ऊन, मग उतरत जाईल. उन्हाळ्यात फ्रान्सचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे असतं. तूरजवळ सूर्य माथ्यावर येतो तो दोनच्या सुमाराला. खरा ताप चार-पाच वाजता असतो. दुपारी दोनला जेवून ताजेतवाने होऊन निघणारे म्हणूनच हैराण होतात. सकाळी लवकर निघा, दुपारचं ऊन शातोच्या जाड भिंतींआड घालवा आणि सहानंतर पुन्हा चालवा. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही चांगला उजेड असतो.

अडचण अशी, की गावातली दुकानं साडेबाराच्या आसपास बंद होतात ती दोन-अडीचपर्यंत. रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर दोनला थंडावतं आणि संध्याकाळी सातनंतर पेटतं. रविवारी दुपार आणि सोमवार तर फारच ओस. त्यामुळे पाव, चीज, फळं सकाळीच घ्या. दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणायचं, मग मागायचं. हे न केल्यास समोरचा माणूस तुटक वागतो आणि आपल्याला वाटतं फ्रेंच लोक शिष्ट आहेत.

शाकाहारी मंडळींनी सॅलडवर विश्वास टाकू नये, त्यात बेकनचे तुकडे हमखास असतात. कीशमध्येही (अंडं-चीजच्या खाऱ्या पायमध्येही) तेच. तिथल्या पारंपरिक चीजमध्ये बहुधा प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात तो, जनावराच्या पोटातून मिळणारा पदार्थ) असतं, सेंट-मोर द तुरेन या मधोमध गवताची काडी घातलेल्या शेळीच्या दुधाच्या चीजमध्येसुद्धा. ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. साधा बागेत पाव मात्र मुख्यतः पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचाच असतो. सोम्यूरच्या बाजूला खडकात कोरलेल्या गुहांमध्ये फुए नावाच्या गरम फुगलेल्या रोट्या लाकडाच्या भट्टीतून काढून देतात. त्या लोणी आणि घेवड्याबरोबर मागा, पण घेवड्यात मांस नाही ना हे आधी विचारा.

पाणी संपलं आणि दुकान बंद असेल तर गावाची दफनभूमी शोधा. फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतोच. पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी लावलेली असते, ती वाचल्याशिवाय बाटली भरू नका.

नकाशा म्हणतो म्हणून

मोबाइलचा नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, चांगला नव्हे. ऑटोरूटवर (द्रुतगती महामार्गावर) सायकलला बंदी आहे. डी क्रमांकाचे (जिल्हा पातळीवरचे) रस्ते सायकलला चालतात, पण सगळे सारखे नसतात. ल्वारच्या उत्तर काठाचा डी ९५२ काही टप्प्यांत गाड्यांनी भरलेला असतो. ठरलेल्या सायकलमार्गाच्या छोट्या पाट्या पाळल्या तर हा त्रास बराचसा टळतो. त्या मार्गावर मध्येच दाबलेल्या मुरुमाचे पट्टे येतात, म्हणून २५ मिमीच्या टायरवर अडून बसू नका. ३२ मिमी सगळीकडे निभावतं. उन्हाळ्यात डी रस्त्यांवर डांबर ओतून वर बारीक खडी पसरतात. तशी पाटी दिसली की वळणाआधीच वेग कमी करा.

रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकदार जॅकेट सक्तीचं आहे. कानात इअरफोन घालून चालवणं बेकायदा. वूव्रे, शिनोन, सोम्यूर ही सगळी वाइनची गावं, आणि मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा जंगलातल्या वाटेवर भडक रंगाचे कपडे घाला.

बिघडलं तर

प्रत्येक गावात सायकलचं दुकान नसतं, आणि असलं तरी रविवार-सोमवार बहुधा बंद. दोन ट्यूब, पंक्चर किट, चेनचा क्विक लिंक आणि तुमच्याच सायकलचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) जवळ ठेवा. विमानातल्या हाताळणीत वाकतो तो हँगरच, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्यामुळे तिथे पटकन मिळत नाही. ई-सायकलची मोठी बॅटरी प्रवासी विमानातून नेता येत नाही, ती सायकल तिथेच भाड्याने घ्या. व्हिसासाठी काढलेल्या ३०,००० युरोच्या विम्यात सायकलिंगचा अपघात धरलाय का, हे अटी वाचून पाहा. मदतीसाठी ११२.

थकून नदीत उतरायचा मोह होईल. वाळूचे पट्टे शांत दिसतात, पाणी घोट्याएवढं दिसतं. ल्वारची वाळू सरकती आहे, पायाखालून निघून जाते आणि शेजारी एकदम खोल प्रवाह असतो. पोहायला मनाई आहे ती यामुळेच. पाय धुवायचे असतील तर गावचा नळ बघा.

आणि दिवस हाताबाहेर गेला, वारा ऐकेना, गुडघा कुरकुरायला लागला, तर रेल्वे गाठा. ब्लुआ, आंब्वाझ, सोम्यूर, आँजे ही स्टेशनं नदीला धरूनच आहेत, तूरही त्याच वाटेवर. प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल सहसा फुकट नेता येते, मात्र जागा मोजक्या असतात आणि उन्हाळ्यात काही गाड्यांना आरक्षण लागतं, ते तिकीट घेतानाच तपासा. पॅनियर फलाटावरच उतरवून ठेवा, सायकलचं चिन्ह असलेला डबा शोधा, आधी सायकल चढवा आणि मग सामान.