एटीपी-एनएमएनची डबी आणलीय? आधी दोन आठवडे नुसती नाडी मोजा

जिममधल्या कोणीतरी सांगितलं म्हणून एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन) नाहीतर एनएमएन (पेशींच्या ऊर्जेच्या कामाशी जोडलेलं रसायन) सप्लिमेंट म्हणून आणलं असेल तर सील फोडू नका लगेच. आधी दोन आठवडे काहीच न घेता आपले आकडे वहीत लिहायचे, नाहीतर नंतर फरक पडला की नाही हे कशाच्या जोरावर सांगणार?

सकाळी जाग आली की अंथरुणातच, मोबाइल हातात घ्यायच्या आधी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा (अंगठा नको, त्याचेच ठोके लागतात). बीपी घेताना पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला, चहा पिऊन अर्धा तास तरी झालेला हवा. मी एकदा चार मजले चढून आल्या आल्या पट्टा बांधला, आकडा बघून बायको डॉक्टरांना फोन लावायला निघाली. आठवड्यातून एकदा सहा मिनिटं चालायचं, सपाट जागेवर ३० मीटरवर दोन खुणा करून येरझाऱ्या मोजायच्या, दवाखान्यातपण हृदय-फुफ्फुसाच्या पेशंटची हीच टेस्ट घेतात.

आणि युरिक अ‍ॅसिड तपासाच, हे दुकानदार सांगत नाही. तोंडाने घेतलेलं एटीपी आतड्यात-लिव्हरमध्येच तुटतं, २०१२ च्या एका प्रयोगात ५ ग्रॅमचा डोस देऊनही रक्तातलं एटीपी वाढलं नाही, वाढलं ते युरिक अ‍ॅसिड! म्हणजे गाऊटवाल्याने (युरिक अ‍ॅसिड साठून सांधे सुजतात तो आजार) कलेजी आणि सुकट सोडायची आणि वरून हे गिळायचं, काय उपयोग. "हॉस्पिटलात अ‍ॅडेनोसिन (एटीपीचाच एक भाग) देऊन धडधड थांबवतात की" असंही ऐकवतील, पण ते शिरेतून देतात, मॉनिटर लावून, आणि काही सेकंदांत संपतं.

एनएमएनचं जरा वेगळं. २०२१ ला चीनमधल्या ४८ हौशी रनर्सवर सहा आठवडे प्रयोग झाला, रोज ३०० ते १२०० मिलिग्रॅम, एका गटाला नुसती डमी. दम लागायला सुरुवात होते ती पायरी जास्त डोसवाल्यांची थोडी वर सरकली, व्हीओटू मॅक्समध्ये (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) मात्र फरक नाही. आणि ही मंडळी आठवड्याला पाच-सहा दिवस ट्रेनिंग करत होती हे डबीवर कुठे छापतात!

तरी घ्यायचंच असेल तर सहा आठवडे बाकी काही बदलू नका, नवीन डाएट नाही, नवीन शूज नाहीत. बीपी, हार्टची गोळी चालू असेल, दमा असेल तर आधी डॉक्टरांना डबी दाखवा, छातीत दुखलं तर सरळ बंद. शेवटी तेच आकडे परत लिहा. माझी नाडी ६८ वरून ६६ झाली, पण एवढा फरक तर नुसत्या झोपेनेही पडतो, आणि मधे एक आठवडा गणपतीची जागरणं होती.