हिमालयातलं शिखर चढायला निघालाय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

राजहंसगड नाहीतर महिपालगड दर रविवारी मारतो म्हणजे सहा हजार मीटरचं शिखर पण होईल की ओ, असं आमच्या ग्रुपला वाटलं होतं. कुठे क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाला लावायचे खिळे) घालायचे, कुठे दोर लावायचा सगळं पाठ, पण पायथ्यापर्यंत पोचायचं कसं हे कुणीच नीट बघितलं नव्हतं. आणि अडलो तिथंच, शिखर लांबून पण दिसलं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुट्टी वाचवायची घाई. लडाखमधल्या लेहला जायला गोवा एक्सप्रेसने दिल्लीचं निझामुद्दीन, तिथून रात्रीची बस धरून मनाली, इथपर्यंत ठीक. मनाली साधारण २,०५० मीटर. आधी रोहतांग खिंड चढून उतरण्यातच दिवस मोडायचा, २०२० ला अटल टनेल सुरू झाला आणि आता केलाँग कधी मागे पडलं कळतसुद्धा नाही, मग ड्रायव्हर म्हणतो चला सरचूलाच झोपू, आणि आपण पण खूश. सरचू ४,२९० मीटर! एका दिवसात दोन हजारांच्या वर चढलो, आणि आपलं बेळगाव जेमतेम साडेसातशे. त्या रात्री आमच्यातले तिघे उंची बाधून तंबूबाहेर ओकत होते. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर सरकवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा वर फिरून खाली येऊन झोपलात तर उलट चांगलंच. सरचूच्या अलीकडे वाटेत जिस्पा लागतं, तिथं दोन रात्री काढा, मग पहाटे निघून सरचूला न थांबता लेह गाठा, दिवस लांबतो पण झोप ३,५०० वर होते. विमानाने थेट लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा, बाजार पण नको.

एवढं करून पण डोकं दुखतंय, मळमळतंय? तिथंच थांबा, कमी होईना तर खाली उतरा. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी खाली न्या, सकाळी बघू म्हणू नका. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) खाऊन चढत राहणं हा उपाय नव्हे, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

दुसरं, जुने व्हिडिओ बघून प्लॅन करणं. स्टोक कांग्री, ६,१५३ मीटर, लेहच्या इतक्या जवळ म्हणून सगळे तिकडेच जायचे, पण गावाचं पाणी त्याच हिमनदीवरचं, म्हणून २०२० पासून गावकऱ्यांनी रूट बंद केला. तरी अजून लोक तोच पत्ता घेऊन येतात. चालू सीझनमध्ये जाऊन आलेल्या माणसाला फोन करा, मगच तिकीट काढा. सहा हजारी शिखराला इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची परवानगी लागते, एजन्सी "होतंय की" म्हणाली तरी कागद डोळ्यांनी बघा.

आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, ग्रुपमध्ये दोघांकडे तरी पोस्टपेड हवं आणि मॅप घरीच डाउनलोड करून ठेवा. सॅटेलाइट फोन मित्राचा आहे म्हणून बॅगेत टाकू नका, परवानगीशिवाय तो बाळगला तर थेट पोलिसांची केस होते.

नदीचं गणित पण आपल्याकडचं लावू नका. आपल्या मलप्रभेला पाऊस पडला की पाणी चढतं, तिथं ऊन पडलं की चढतं. बर्फ वितळून सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी मांडीपर्यंत येतो, त्यामुळे ओलांडायचं ते सकाळी लवकर. चुकून उशीर झालाच तर अलीकडच्या काठावरच तंबू टाका.

आणि हो, सांबऱ्याहून विमानाने जाणार असाल तर गॅसचे डबे घेऊ नका, चेक-इनमध्ये पण चालत नाहीत, लेहला मिळतात. कुंदा मात्र न्या, वर भूकच लागत नाही तेव्हा तेवढाच गळ्याखाली उतरतो.