शंख दिसला म्हणून लगेच समुद्र नाही

बी.एस्सी.ला असताना नागपूरच्या टाकळीतल्या दगडात मला शंख सापडला आणि मी ओरडलो, "सर, नागपुरात समुद्र होता!" सरांनी भिंग हातात दिलं. "तोंड कोणत्या बाजूला आहे, पाह्य न बाबू."

शंखाचं टोक वर धरलं तर तोंड डावीकडे येत होतं. समुद्री शंखांचं बहुधा उजवीकडे असतं. माझा फायसा निघाला, गोड्या पाण्यातली गोगलगाय. लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात इथे तळी साचायची, त्यांतला हा गाळ. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप साहेबांनी एकोणिसाव्या शतकातच हे थर धुंडाळले होते.

आता पुतणीला शिकवतो, ते असं. थर खालून वर वाचायचे. उलथापालथ झाली नसेल तर खालचा जुना. वहीत प्रत्येक थराची जाडी आणि कण कसे आहेत ते लिहायचं. रेती किनाऱ्याशी पडते, बारीक चिखल आत, संथ पाण्यात, आणि चुनखडी बहुधा नदीचा गाळ पोचत नाही तिथे. म्हणून वालुकाश्मावर शेल (चिखलाचा पापुद्र्यांचा दगड) आणि त्यावर चुनखडी असेल तर पाणी जमिनीवर चढत आलं. उलट क्रम असेल तर हटलं. मधेच खडबडीत, झिजलेली रेघ आणि तिच्यावर गोटे दिसले तर तिथे थांबा: तेवढा काळ नोंदवलेलाच नाही.

पण रेतीवर चिखल नदीही टाकते. नागपूरजवळच्या कामठीचा वालुकाश्म नदीचाच. ॲसिडच्या थेंबाने दगड फसफसला तरी हुरळू नका. लमेटाची (लाव्हाच्या खाली सापडणाऱ्या थरांची) चुनखडीही फसफसते, आणि ती बरीचशी मातीत तयार झालेली. साक्ष जीवाश्मांचीच घ्यायची. समुद्री अर्चिन (काटेरी गोल कवचाचा प्राणी) किंवा अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचा, आता नामशेष) मिळाला तर वाद संपला, ते गोड्या पाण्यातले नाहीतच.

ते पाहायला मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बाग गावाला जावं लागतं. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या पट्ट्यात समुद्र शिरला होता. तळाशी निमार वालुकाश्म, त्याच्या वरच्या भागात कालवं. मग गाठाळ चुनखडी, तिच्यात अर्चिन आणि अमोनाइट. त्यावर उथळ पाण्यातली कोरलाइन चुनखडी. आणि शेवटी जमिनीवरचा लमेटा. समुद्र आला आणि गेला, एकाच कड्यात.

त्या कोरलाइन चुनखडीला भिंग जरूर लावा. नाव प्रवाळाचं, आत मुख्यतः ब्रायोझोआ, म्हणजे वसाहती करून राहणारे वेगळेच चिमुकले प्राणी. फसणारा मी एकटाच नव्हतो तर.